वेस्टगेटचं पॅकिंग दोनदा उडालं, तिसरं टिकतंय पण टिकटिक जात नाही. मुंबईत नीट गॅस्केट कुठून करून घ्यायचं?

सायनचा_सारथी (धागाकर्ता)

राम राम मंडळी. गाडी पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया, १.८ लिटर टर्बो पेट्रोल. मूळचा टर्बो थकला होता, दांडा बोटाने हलवला तरी खडखड करायचा. म्हणून टी३ फ्लँजचा (फ्लँज म्हणजे बोल्टने जोडायचं सपाट तोंड, टी३ हे त्याचं ठरलेलं माप) थोडा मोठा टर्बो, वेल्ड करून बनवलेलं मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर टर्बोकडे नेणाऱ्या नळ्या) आणि ३८ मिमीचा बाहेरचा वेस्टगेट (जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारा व्हॉल्व्ह) असं सगळं बसवून घेतलं. ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, ट्यूनिंगही झालं. वेस्टगेटची स्प्रिंग ०.७ बारची आहे. त्याचं तोंड परत सायलेन्सरच्या पाइपात जोडलंय, उघडं सोडलेलं नाही.

त्रास सुरू झाला वेस्टगेट आणि मॅनिफोल्डच्या मधल्या पॅकिंगपासून, म्हणजे गॅस्केटपासून. पहिलं पॅकिंग गॅरेजमध्येच तपकिरी शीट ठोकून काढलेलं होतं. चार दिवसांत जळून त्याचा भुगा झाला. दुसरं ग्राफाइटचं, आत जाळी असलेलं. ते तीन आठवडे चाललं, मग आतली कड कुरतडल्यासारखी झाली आणि एका बाजूने आरपार गेलं. आता तिसरं स्टीलचं आहे, एका दुकानातून तयार घेतलेलं.

हे फाटलं नाही, पण सकाळी गार इंजिन सुरू केलं की बॉनेटखालून टिक-टिक-टिक येतं आणि गाडी तापली की कमी होतं. बूस्ट (टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेचा दाब) उशिरा चढतो. आणि सगळ्यात जास्त काळजीची गोष्ट: तिसऱ्या गिअरमध्ये ५००० आरपीएमच्या पुढे गेलं की गेजचा काटा ०.७ वर थांबत नाही, १.१ पर्यंत सरकत जातो. मी लगेच पाय काढतो. इंजिन जीव लावून सांभाळलंय, ते या पायी गमवायचं नाही. गॅस्केट कुठून घेऊ, कसलं घेऊ आणि हा चढणारा बूस्ट कशाने थांबेल, सांगा.

ठाणेकर_डिझेल

माझ्या १.३ डिझेलला टर्बोखाली ग्राफाइटचंच पॅकिंग आहे. दोन वर्षं झाली, घोडबंदर रोडचं रोजचं ट्रॅफिक, काही झालेलं नाही. तुमचं बसवताना चुकलं असेल का? नट दोन्हीकडून सारखे आवळले होते का?

मिलिंग_मास्तर

ठाणेकर, तुमचं टिकलं कारण डिझेल आहे. डिझेलचा धूर सहसा ७००-८०० अंशांच्या पुढे जात नाही, तोही भर चढावर. ट्रॅफिकमध्ये त्याहून कितीतरी कमी. पेट्रोल टर्बो जोरात चालवला तर ९००-९५० अंश सहज. ग्राफाइटला हवा लागली की साधारण ४५० अंशांपासून ते हळूहळू जळायला लागतं. दोन सपाट तोंडांत घट्ट दाबलेलं असेल, कुठूनही हवा शिरत नसेल, तर बऱ्यापैकी टिकतं. फट राहिली की आतल्या कडेपासून उंदराने कुरतडावं तसं जातं. सायनचे भाऊ सांगताहेत ते अगदी हेच.

म्हणजे पॅकिंग कशामुळे जातंय हे पॅकिंगनेच दाखवलंय. फ्लँज सपाट नाही. तिथे कितीही महागाचं पॅकिंग लावा, ते जाणार.

मॅनिफोल्ड उतरवा. स्टीलची सरळ पट्टी फ्लँजवर उभी धरा, आडवी, तिरकी, दोन्ही कर्णांवर, आणि खालून फिलर गेजची (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांची) पाती सरकवून बघा. ०.१ मिमीची पाती शिरत असेल तर मी ते तोंड मशीनवर घेतोच. नुसत्या डोळ्यावर विसंबू नका, पट्टीमागे टॉर्च धरा, उजेड दिसतो. आणि काजळी कुठे उमटली आहे ते पुसायच्या आधी फोटो काढून ठेवा. जिथून गॅस बाहेर पडतो तिथे काळ्या रेघेचा पंखा पसरलेला दिसतो, तोच तुमचा नकाशा.

घाटमाथा

मास्तरांशी पूर्ण सहमत. पण मला दोन वेगळे आजार दिसताहेत. टिकटिक आणि उशिरा येणारा बूस्ट ही गळती. टर्बोच्या आधी गॅस बाहेर निसटला तर चक्र फिरवायला जोर कमी पडतो. शिवाय गळतीतून धक्क्याधक्क्याने बाहेरची हवा आतही ओढली जाते, पुढचा ऑक्सिजन सेन्सर फसतो, मिश्रण पातळ आहे असं समजून ईसीयू पेट्रोल वाढवतो. तुमचं ॲव्हरेजही पडलं असणार.

१.१ पर्यंत चढणारा बूस्ट हा दुसरा आजार. सरकत चढतो म्हणजे वेस्टगेट उघडतोय, पण त्यातून पुरेसा गॅस जात नाही. आरपीएम वाढला की गॅस वाढतो, दार तेवढंच राहतं, उरलेला गॅस टर्बोलाच पळवतो. कारणं शोधायला मला हे सांगा:

वेस्टगेटला हवेची नळी कुठल्या तोंडाला लावली आहे? खालच्या तोंडातला दाब डायाफ्रामला (आतल्या लवचिक पडद्याला) उचलून व्हॉल्व्ह उघडतो. वरचं तोंड बूस्ट कंट्रोलरसाठी किंवा उघडं. कोणी वरच्याला बूच मारलं तर आत कोंडलेली हवा उघडू देत नाही. आणि नळी चुकून फक्त वरच्यालाच लावली तर व्हॉल्व्ह उघडतच नाही, तिथे काटा १.१ वरही थांबला नसता.

नळी कुठून घेतली आहे? कॉम्प्रेसरच्या तोंडाशी घ्या, थ्रॉटलच्या पुढून नको.

ईसीयूचा बूस्ट सोलेनॉइड (विजेवर चालणारा हवेचा व्हॉल्व्ह) नळीच्या मध्ये आहे का? चाचणीपुरता काढा, नळी थेट लावा. कुठलाही कंट्रोलर स्प्रिंगच्या खाली बूस्ट नेऊ शकत नाही, फक्त वर नेतो. त्यामुळे आधी नुसत्या स्प्रिंगवर गाडी किती दाखवते ते कळलं पाहिजे.

मॅनिफोल्डवरून वेस्टगेटचा फाटा कसा काढलाय? गॅस ज्या दिशेने वाहतो त्याच दिशेने तिरका निघाला असेल तर उत्तम. काटकोनात किंवा उलट्या दिशेने काढला असेल तर गॅस त्याला बगल देऊन सरळ टर्बोत जातो.

आणि शेवटचं, हे नक्की मोजा: गॅस्केटच्या मधल्या भोकाचा व्यास.

सायनचा_सारथी (धागाकर्ता)

घाटमाथा दादा, नळी खालच्या तोंडाला, कॉम्प्रेसरवरून घेतलेली. वरचं उघडं आहे. सोलेनॉइड काढून पाहिला, तरी १.१. फाटा अंदाजे ४५ अंशांत तिरका आहे, फोटो टाकतो. गॅस्केट दुकानदाराने ३८चं म्हणून दिलं होतं. मी मोजलं नाही. रविवारी उतरवतो.

नागदेवी_रोजचा

मी नागदेवीत रोज असतो, नट-बोल्टचा धंदा आहे, म्हणून मिळण्याबद्दल लिहितो.

टी३, टी२५ अशा ठरलेल्या मापांची गॅस्केट करून घेण्यात वेळ घालवू नका. तयार मिळतात आणि ती उठाव दिलेली घ्या. स्टीलच्या पातळ पत्र्यावर भोकाभोवती गोल उठाव असतो, आवळलं की तो स्प्रिंगसारखा दाबला जातो आणि गरम-गार होताना फट धरून ठेवतो. बहुपदरी असेल तर आणखी चांगलं. हा उठाव डाय लावल्याशिवाय येत नाही, हातकामाने होत नाही. जुन्या गाडीच्या मूळ टर्बोचं गॅस्केट हवं असेल तर मूळ कंपनीचंच मागवा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने टर्बो, मॅनिफोल्ड, पाइप मिळतात, ते अवश्य बघा, पण वापरलेलं गॅस्केट कधीच घेऊ नका. एकदा दाबलेला उठाव पुन्हा काम करत नाही.

वेस्टगेटच्या दोन बोल्टांच्या फ्लँजला नेमकं माप मिळत नसेल तर दोन रस्ते. एक, स्टेनलेस ३०४चा पत्रा लेझरवर कापून घ्या. दुसरा, तांब्याचा पत्रा. गुलालवाडीत किका स्ट्रीटला तांबं, पितळ, स्टेनलेस सगळं मिळतं, ०.८ किंवा १ मिमीचा तुकडाही देतात. तांबं बसवण्याआधी मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकायचं. लोखंडासारखं ते कडक होत नाही, उलट मऊ होतं आणि वरची काळी खपलीही सुटते. मऊ तांबं बारीक उंचसखलपणा भरून काढतं. पण उष्णतेने पापुद्रे सुटून ते पातळ होत जातं, म्हणून मधूनमधून नट बघावे लागतात.

नटांबद्दल कळकळीने सांगतो. साधे झिंकवाले नट टर्बोला लावू नका. तांब्याचा मुलामा दिलेले, तोंड किंचित चेपलेले लॉक नट मागा. नायलॉनवाले अजिबात नाहीत, नायलॉन पहिल्याच फेरीत वितळतं. स्टडला निकेलची अँटी-सीझ पेस्ट लावा. आपल्याकडे खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे स्टड गंजून फ्लँजमध्ये रुततात. पुढच्या वेळी तोच स्टड मोडून हातात येतो.

आणि ते पहिलं तपकिरी पॅकिंग. जुन्या शीटमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. फ्लँजवर त्याचे अवशेष राहिले असतील तर कोरडे खरवडू नका, ग्राइंडर तर लावूच नका. पाण्याने भिजवून, मास्क लावून काढा. आमच्या बाजारातल्या जुन्या माणसांची फुप्फुसं मी पाहिली आहेत.

गॅरेजसमोरचा_कट्टा

तोपर्यंत लाल सिलिकॉन लावून चालवली तर? बोरिवलीला एकाने तसंच केलंय.

मिलिंग_मास्तर

नको. लाल सिलिकॉन साधारण ३०० अंशांच्या आसपास हार मानतं. एक्झॉस्टच्या तोंडाला ते तासभरही राहत नाही. टर्बोच्या तेलाच्या परतीच्या तोंडालाही लावू नका. आत ढकलला गेलेला तुकडा सुटून वाट अडवतो, तेल तुंबतं आणि सीलमधून धूर यायला लागतो. तिथे कागदी किंवा पत्र्याचं पॅकिंग, आणि नळी जितकी उभी उतरेल तितकी चांगली.

रबाळे_लेझर

नमस्कार. आमचं रबाळे एमआयडीसीत लेझर कटिंगचं युनिट आहे. गॅस्केटची कामं अधूनमधून येतात आणि दहातली सात चुकीच्या मापामुळे परत येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

फ्लँजचं नाव सांगून कोणी माप काढू शकत नाही. ठसा आणा. ठसा घ्यायची सोपी रीत: फ्लँज स्वच्छ पुसा, त्यावर जाडसर पांढरा कागद घट्ट धरा आणि बोटाला थोडं ग्रीस-काजळी लावून कडेकडेने घासा. भोकांची, बाहेरची, बोल्टांची प्रत्येक कड काळी उमटते. त्याच कागदावर व्हर्निअरने घेतलेली मापं लिहा: बोल्टांच्या केंद्रांमधलं अंतर, मधला व्यास, बाहेरची लांबी-रुंदी. मोबाइलवर काढलेला फोटो मापाला चालत नाही, कडा वाकड्या येतात.

मधलं भोक फ्लँजच्या भोकाहून सगळीकडून १ मिमी मोठं ठेवायचं. ३८ मिमीच्या तोंडाला ४० मिमी. गॅस्केटची कड वाटेत डोकावली तर ती लाल होते आणि तिथूनच जळायला सुरुवात होते. एम८ बोल्टला ९ मिमीचं भोक, एम१० ला ११.

नायट्रोजनवर कापून मागा, कड चकचकीत आणि स्वच्छ येते. तरी खालच्या बाजूला बारीक बर (कापताना राहिलेली धारदार कड) राहू शकते. नखाने चाचपून बघा, अडलं की बर आहे. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून गॅस्केट त्यावर आठाच्या आकड्यात फिरवा. एवढीशी बरसुद्धा गॅस्केट उचलून धरते आणि लोक म्हणतात गॅस्केट लीक झालं.

सपाट ३०४ पत्रा वाकड्या फ्लँजला माफ करत नाही. ग्राफाइट थोडं दबतं, तांबं दबतं, हा नाही. आधी मास्तरांचं ऐका, मग आमच्याकडे या. आणि एक नको, तीन-चार एकदम कापून घ्या. मशीनवर पत्रा लावायला जेवढा वेळ, तेवढाच एकाला आणि चाराला.

कलम_आणि_पाना

कामाच्या मध्ये येतोय, पण हे कोणी सांगितलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातले तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं आहे. वेस्टगेटचं तोंड उघड्यावर सोडणाऱ्या पाइपाने आवाज आणि धूर दोन्ही वाढतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बगल दिली जाते. तुम्ही परत पाइपात जोडलंय ते योग्यच. विमा कंपनीला बदल कळवलेले नसतील तर दाव्याच्या वेळी अडचण येते. ट्रॅकवर चालवायची गाडी वेगळी, कॉलेजमधून मुलीला आणायची गाडी वेगळी.

सायनचा_सारथी (धागाकर्ता)

उतरवलं. जे दिसलं ते जसंच्या तसं लिहितो.

वेस्टगेटच्या फ्लँजवर डाव्या बोल्टपासून खालच्या कडेपर्यंत काजळीचा पंखा. पट्टी ठेवली, त्या बाजूला ०.२५ मिमीची पाती अगदी आरामात सरकली. टर्बोच्या टी३ फ्लँजवर ०.०५ सुद्धा शिरत नाही.

आणि घाटमाथा दादा, गॅस्केटचं भोक व्हर्निअरने मोजलं. ३२ मिमी. गॅस्केट फ्लँजवर ठेवून आतून पाहिलं तर सगळीकडून तीन मिमीची स्टीलची कड वाटेत आलेली, तिचा रंग निळा-जांभळा झालेला. दुकानात मी ३८ म्हटलं होतं, त्याने ३८ म्हणून दिलं, आणि मी खिशातला व्हर्निअर बाहेर काढला नाही. तीन आठवडे त्या ३२च्या भोकावर गाडी चालवली.

घाटमाथा

सापडलं तर. आता हिशोब बघा. वाट व्यासावर नाही, व्यासाच्या वर्गावर ठरते. ३८चा वर्ग १४४४, ३२चा १०२४. म्हणजे वाटेचा जवळपास २९ टक्के भाग त्या पत्र्याने बंद केला होता. तुम्ही ३८चा वेस्टगेट विकत घेतला आणि गाडीला बसवला ३२चा. वरच्या आरपीएमला काटा सरकला नसता तरच नवल.

हे मी आधी सांगितलं कारण चार वर्षांपूर्वी माझ्याकडे हेच झालं होतं. आम्ही स्प्रिंग बदलली, नळ्या बदलल्या, फाटा कापून नव्याने वेल्ड केला. शेवटी गॅस्केट उजेडाकडे धरलं तेव्हा कळलं.

मिलिंग_मास्तर

०.२५ म्हणजे वेल्ड करताना ओढला गेलाय. फ्लँज १०-१२ मिमी जाड असला तरी वेल्ड थंड होताना आकसतो आणि कान मागे खेचतो. वेल्ड करताना फ्लँज २० मिमीच्या जाड प्लेटवर बोल्टने आवळून, समोरासमोर थोडं थोडं वेल्ड करत जायला हवं होतं.

मॅनिफोल्ड घेऊन या किंवा जवळच्या मिलिंगवाल्याकडे न्या. वर कितीही वेडावाकडा पाइप असला तरी फ्लँजचं तोंड डायल लावून सपाट पकडता येतं. खोलगट भाग नाहीसा होईपर्यंतच काढायचं, ०.३ मिमीच्या आसपास. कानशीने करायला जाऊ नका. कानस कडेला झुकते आणि तोंड पालथ्या बशीसारखं होतं.

आणखी एक. नळ्या स्टेनलेसच्या आहेत ना? ३०४ची ४०० मिमी लांब नळी ७०० अंशांनी तापली की पाच मिमीच्या आसपास वाढते. ती वाढ कुठेतरी जायला हवी. हेडकडच्या टोकाच्या फ्लँजची बोल्टभोकं किंचित लांबट ठेवा आणि टर्बोचं वजन ब्रॅकेटवर घ्या, नळ्यांवर लटकवू नका. नाहीतर पुढचा धागा वेल्डच्या भेगेचा निघेल.

ठाणेकर_डिझेल

माझ्या डिझेलला आतलाच वेस्टगेट आहे, झडप आणि रॉडवाला. त्यातही असा बूस्ट सरकू शकतो का?

घाटमाथा

सरकू शकतो, पण तुमच्याकडे बहुधा रॉडचा ताण कारण असतो. रॉड पिनवर घालताना झडप बंद असावी आणि रॉड १-२ मिमी ओढूनच पिनवर जावा. ढिला ठेवला तर झडप लवकर फटफटते, बूस्ट मंद. फार घट्ट केला तर ती पूर्ण उघडतच नाही. गेजवाल्या हातपंपाने ॲक्च्युएटरला (रॉड हलवणाऱ्या डबीला) दाब द्या आणि रॉड कितीला हलायला लागतो, पूर्ण किती सरकतो ते लिहून ठेवा. दाब धरून एक मिनिट थांबा. काटा पडला तर डायाफ्राम फाटलाय. मात्र तुमचा ॲक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर उलटं, पंपाने ओढून बघायचं. १.३ च्या ९० अश्वशक्तीच्या रूपात वेस्टगेटच नाही, पाती फिरवणारा टर्बो आहे, तिथे हे लागू नाही.

सायनचा_सारथी (धागाकर्ता)

दोन आठवड्यांनी लिहितोय.

मिलिंग भांडुपला करून घेतलं, ०.३ काढलं. पट्टी ठेवून मागून टॉर्च मारला, उजेडाची रेघसुद्धा नाही. रबाळेच्या ताईंच्या रीतीने कागदावर ठसा घेतला, स्टेनलेसची चार गॅस्केट ४० मिमीच्या भोकाची कापून घेतली, काचेवर घासली. नवे स्टड, तांब्याचे नट, निकेलची पेस्ट. एम८ ला टॉर्क पाना २५ न्यूटन-मीटरवर लावून दोन्हीकडून तीन टप्प्यांत आवळलं. गाडी तापवली, रात्रभर गार होऊ दिली, पुन्हा पाना लावला. डाव्या नटाने जेमतेम पाव फेरा घेतला. तीनदा तसं केल्यावर तो हलेनासा झाला.

सकाळी गार इंजिनावर टिकटिक नाही. कान बॉनेटला लावून उभा राहिलो, फक्त टॅपेटचा आवाज.

पहाटे साडेपाचला पूर्व मुक्त मार्गावर जायचा मोह झाला होता, पण तिथे हे करायचं नाही असं ठरवलं. ट्यूनिंगवाल्याच्या डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर) घेतली. सोलेनॉइड काढलेला, नुसती स्प्रिंग. ३००० आरपीएमच्या आधीच ०.७ आणि ६२०० पर्यंत काटा ०.७ ते ०.७५ मध्ये. तीन वेळा काढलं, तिन्ही वेळा तेच. ९५ ऑक्टेनचं पेट्रोल होतं, नॉक (इंजिनातली ठोकर) नाही.

मिलिंग_मास्तर

वा! ५०० किलोमीटरनंतर एकदा पाना लावून बघा. आणि पावसाळा संपला की स्टडना पुन्हा पेस्ट.

सायनचा_सारथी (धागाकर्ता)

नक्की. महिनाअखेरीस महाबळेश्वरला जायचंय. तिथे गेज कमी दाखवेल का?

घाटमाथा

नुसत्या स्प्रिंगवर असाल तर गेज तेवढंच दाखवेल, कारण स्प्रिंग बाहेरच्या हवेच्या तुलनेतच दाब मोजते. पण महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, बाहेरचा दाबच मुंबईपेक्षा १४-१५ टक्के कमी. त्यामुळे इंजिनात जाणारी एकूण हवा कमी, गाडी किंचित जड वाटेल. ते आजारपण समजू नका.

ठाणेकर_डिझेल

सायनकर, उरलेल्या तीन गॅस्केटांपैकी एक द्याल का? माझ्या भावाचाही ३८चाच आहे.

सायनचा_सारथी (धागाकर्ता)

देतो की. पण आधी त्यांच्या फ्लँजचा ठसा कागदावर घेऊन या, बोल्टांमधलं अंतर जुळलं तरच.